भिंतीला ताप

सावई-वेर्‍यात, देवळामागच्या चिर्‍यांच्या भिंतीवर
एक फळी, फळीवर चिनीमातीचे तीन कटआउट,
आणि समोर कायतान, ओठांत टेस्टर धरून
शिंपी टाचण्या धरतो तसा.

टॉर्च माझ्या हातात. मी तेरा वर्षांची.
बाबा रंगपटात दाढी चिकटवत होते;
तिसर्‍या अंकात त्यांना मरायचं होतं.

वीज कशी धावते, मी विचारलं.
कुळागरातल्या पाटासारखी, असं बाईंनी शिकवलेलं.
त्याने टेस्टर कानावर खोचला.
"धावत नाय गो बाये.
फणसाचा ओंडका दोघे कापतात, बघितलंस?
करवत कुठे जाते? कुठेच नाय.
मागे-पुढे, मागे-पुढे,
सेकंदाला पन्नास खेपा.
फोंड्याहून तुझ्यापर्यंत कोण चालत येत नाय.
तारेतला जो तो आपल्या जागी थरथरतो,
आणि ओंडका कापला जातो."

थोड्या वेळाने, स्वतःशीच:
"पाट भरला तर सांडतो. माणूस फावडं घेऊन धावतो.
तार सांडत नाय. तापते."

कोळशाने त्याने भिंतीवर हिशेब मांडला:
हजाराचे दोन हॅलोजन,
आरशाभोवती साठाचे आठ बल्ब,
अ‍ॅम्प्लिफायर, पंखा.
बाहेरचे हिशेबात नव्हतेच:
आइसफ्रूटवाल्याचा फ्रीझर, खाजेवाल्याची माळ,
चहावाल्याची दोन हजारांची शेगडी.
कोणी विचारलं नव्हतं. नुसती पिन खुपसली होती.
"पंगत आहे ही," कायतान म्हणाला,
"येईल त्याला भरलं पान.
पण स्वयंपाकघराचं दार एकच, आणि ते अरुंद."

दुसर्‍या अंकात फ्यूज दोनदा उडाला.
उडाला म्हणतात; उडत काही नाही,
केसाएवढी तार वितळते, थेंब होऊन पडते.
तिसर्‍यांदा कायतान जागेवर नव्हता.
समितीच्या रोहिदासने जाड तांब्याची तार
दोन पीळ देऊन कोंबली.
दिवे लागले. टाळ्या पडल्या, नटांना नव्हे, त्याला.

कायतान परतला तो नाक वर करून.
कंगवा जळावा तसा वास.
त्याने तळहाताची मागची बाजू भिंतीवरच्या पट्टीला लावली,
आई कपाळाला लावते तशी.
"ताप," एवढंच म्हणाला,
आणि मेन स्विच ओढला.

आठशे माणसं एका सुरात "अरे" म्हणाली.
बाबांच्या पोटात तेव्हा तलवार होती
आणि भाषण अर्धं.
माइक गेला, उजेड गेला,
त्यांनी उरलेलं भाषण तरीही म्हटलं,
सगळं, पोफळींतल्या रातकिड्यांवर आवाज चढवून,
आणि अंधारातच मेले.
लाकडावर पडल्याचा आवाज तेवढा आला.

रोहिदास शिव्या देत आला.
कायतानने पट्टी उचकटून दाखवली:
रबर फणसाच्या चिकासारखं ओघळलेलं,
तांबं उघडं,
वाळलेलं लाकूड बोटभर अंतरावर.
रोहिदासची तार त्याने रुमालात गुंडाळून काढली,
रुमालालाही डाग पडला.
मग रिळातून नवी सोडली. टॉर्च तिरपा केला
तेव्हाच ती दिसली.
"ही बारीकच हवी. तुझ्या बापासारखी,
वेळेवर मरणारी."

पेट्रोमॅक्स आला. शेगडीवरून भांडण लांबलं,
चहावाला हटेना,
शेवटी चुलीवरचा चहा, धुराचा, पहाटे दोनला.

प्रवाह दुप्पट तर ताप चौपट,
हे मी पुढे कॉलेजात वाचलं
तेव्हा ते नवं वाटलं नाही.

आता फोंड्याच्या फ्लॅटमध्ये
इस्त्री आणि गीझर एकत्र लागले की
खट्.
मुलगा बाथरूममधून ओरडतो.
मी अंधारात चाचपत जाते, बटण वर करत नाही,
आधी भिंतीला हात लावते, उलटा.

कोमट आहे.
आंघोळ उद्या, मी म्हणते.